१९७१ ची फियाट डिलाइट: कंपनीचाच जुना माल शोधत बसायचं की बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, उद्यमबागेत, करून घ्यायचं?

टिळकवाडीचा नातू

नमस्कार मंडळी. आमच्या आज्जांची फियाट ११०० डिलाइट, १९७१ ची, टिळकवाडीतल्या जुन्या घराच्या शेडमध्ये कित्येक वर्षं पडून आहे. नंबर मायसूर राज्याच्या वेळचा, एमवायनं सुरू होणारा. आरसी अजून आज्जांच्याच नावावर. ते गेल्यावर बाबांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. आता मी मनावर घेतलंय.

परिस्थिती अशी. शेडवर पत्रे होते खरं, खरं बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच, वरून नाही आला तर खालून येतो. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा संपलाय, बसलं की शेडचा कोबा दिसतो. दरवाजांची खालची पट्टी आणि डिकीचा तळ फुगलाय. इंजिन जाम नाही, हाताने फिरतं. मात्र ब्लॉकला पाण्याच्या जॅकेटच्या (इंजिन गार ठेवणारं पाणी फिरतं त्या पोकळीच्या) बाजूला वीतभर चीर आहे. बॅटरी चार्ज करणारा डायनामो जळलेला. पुढची जाळी काळ्या प्लॅस्टिकची आणि डिकीवर 'प्रीमियर पद्मिनी' असा मोनोग्राम. घरातल्या जुन्या फोटोत मात्र जाळी चकचकीत धातूची दिसते. म्हणजे मधे कुणीतरी बदलली.

आतापर्यंत तीन जणांना दाखवली आणि तिघांची तीन मतं. कोल्हापूरचे एक जाणकार म्हणाले, बारीकसारीक सगळा कंपनीचाच जुना माल लावायचा, मिळेपर्यंत गाडीला हात लावू नका. इथल्या एका मेस्त्रींनी सांगितलं, भंगारातल्या पद्मिनीचं अख्खं इंजिन आणून टाकूया सावकार, आठवड्यात रस्त्यावर. आणि माझा आतेभाऊ म्हणतो डिझेल टाक.

मला गाडी प्रदर्शनात काचेमागे ठेवायची नाही. रविवारी खानापूरपर्यंत जावं, एखाद्या वेळी चोर्ला घाटातून गोव्याला उतरावं, आईला पुढच्या लांब सीटवर बसवून कॅम्पातून फिरवून आणावं, एवढंच. खरं आज्जांची गाडी 'आज्जांची' राहावी असंही वाटतं. काय जपायचं आणि काय बदललं तर चालतं? पैसे अमाप नाहीत.

---

निपाणीकर

पहिल्यांदा त्या डिझेलवाल्या आतेभावाला गाडीपासून लांब ठेवा.

आता जाळीचं. तुमचा संशय बरोबर आहे. १९७१ ची गाडी असेल तर तिच्यावर 'फियाट' हेच नाव पाहिजे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं ११०० डिलाइट १९६४ पासून काढली. १९७२ च्या सुमारास फियाटचं नाव गेलं, ती 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ ला 'पद्मिनी'. काळी प्लॅस्टिकची जाळी तर त्याच्याही पुष्कळ नंतरची. म्हणजे तुमच्या गाडीच्या तोंडावर तिच्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान गाडीचं नाक आहे. ते आधी काढा.

बाकी माझं मत कोल्हापूरच्या माणसासारखंच. लोकल माल नको. मुंबईत ऑपेरा हाउसला जुन्या दुकानदारांकडे विचारा, कुर्ल्याच्या भंगारात फिरा. मात्र घाई करा. पद्मिनीच्या टॅक्सी होत्या तोवर तिथं पार्ट हलत होते. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, त्यानंतर दुकानदारांनाही तो माल ठेवण्यात रस राहिला नाही. ज्यांच्याकडे आहे ते मागेल ती किंमत सांगतात. द्यायची.

लेथवर केलेले बुश, गल्लीत ओतलेला मॅनिफोल्ड (इंजिनाला जोडणारा हवा-धुराचा ओतीव नळ), डायनामोच्या जागी मारुतीचा अल्टरनेटर, असं करत गेलं की शेवटी गाडीत फियाटचं उरतं काय? फक्त आकार. एवढंच करायचं असेल तर नवीन गाडी घ्यावी, म्हातारीला कशाला छळायचं.

---

लेथवाला काका

निपाणीकर, तुमचा राग कळतो. जाळीबद्दल बोललात ते सोळा आणे खरं. पुढच्याला माझा विरोध आहे, आणि तो जरा सविस्तर सांगतो, कारण माझं सगळं आयुष्य उद्यमबागेत बोरिंग आणि लेथवर गेलं. आता पोरगं सीएनसी बघतं, मी खुर्ची टाकून बसतो.

बाळा, पहिल्यांदा ब्लॉक. तुझ्या गाडीचा इंजिन नंबर ब्लॉकवर ठोकलेला आहे आणि तोच आरसीवर लिहिलेला आहे. भंगारातलं अख्खं इंजिन टाकलं की तो नंबर गेला. मग आरटीओत नवीन नंबर चढवत बसायचं, आणि त्या दुसऱ्या इंजिनाचे कागद कुठले? मेस्त्रींचा आठवडा तुला वर्षभर पुरेल. म्हणून ब्लॉक हाच ठेवायचा, चिरेसकट.

चीर दुरुस्त होते. बिडाला साधं वेल्डिंग मारलं तर शेजारी दुसरी चीर निघते, कारण तापलेला भाग आणि गार भाग एकमेकांना ओढतात. अख्खा ब्लॉक भट्टीत हळूहळू तापवून बिडाच्याच रॉडनं भरायचा आणि तितकाच हळू गार करायचा, हा एक रस्ता. दुसरा रस्ता टाके घालायचा. चिरेच्या दोन्ही टोकांना भोक पाडून ती थांबवायची, मग ओळीनं आटे पाडून पिना बसवायच्या, एक पीन दुसरीला थोडी खाऊन बसते. उष्णता लागत नाही, म्हणून ब्लॉक वाकत नाही. पाण्याच्या जॅकेटला मी टाकेच घेईन. झाल्यावर प्रेशर टेस्ट करूनच घरी न्यायचं. टेस्ट न करता 'होतंय सावकार' म्हणणाऱ्याला नमस्कार करून परत यायचं.

बोअर मूळचा ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, त्यातून १०८९ सीसी होतात. आधी मोजून घे. कुणीतरी आधीच बोअर वाढवून एक-दोन ओव्हरसाइज खाल्ले असतील तर त्याच्या पुढच्या मापाचा पिस्टन शोधत वणवण करण्यापेक्षा आत लायनर, म्हणजे नवी नळी, मारून परत ६८ ला आणायचा. हेड ॲल्युमिनियमचं आहे. इतकी वर्षं आत पाणी साठलं असेल तर पाण्याच्या वाटा खाल्लेल्या असणार. डाय पेनिट्रंट, म्हणजे बारीक चिरा दाखवणारा रंग, मारून बघ, आपल्याकडे कुठल्याही मोठ्या मशीनशॉपमध्ये करतात. फेसिंग पुसटसंच. चकचकीत दिसावं म्हणून जास्त खरवडलं की कॉम्प्रेशन वाढतं आणि घाटात इंजिन ठोकायला लागतं.

आता कंपनीच्या मालाबद्दल. निपाणीकर, पन्नास वर्षांपूर्वी बेळगावात फियाटला कंपनीचा माल सहज मिळत होता असं तुम्हाला वाटतं काय? गाडीसाठीच लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. किंगपिनचे (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिचे) बुश वाजायला लागले की माणूस कुर्ल्याला पत्र लिहीत नव्हता. तो माझ्यासारख्याच्या दारात यायचा, आम्ही गनमेटलचा तुकडा घेऊन बुश काढून द्यायचो आणि गाडी संध्याकाळी घरी. या पोराच्या आज्जाच्या गाडीत आजही उद्यमबागेतले बुश निघतील, पैजेवर सांगतो. ते काढून टाकून मुंबईच्या डब्यातले घातले म्हणजे गाडी जास्त खरी झाली? ती गाडी कुर्ल्यात जन्मली, खरं आयुष्य काढलं बेळगावात.

आणि त्या डब्यांचंही ऐका. डबा जुना, छापील चिठ्ठी जुनी, आत माल गेल्या वर्षीचा. असं मी डोळ्यांनी बघितलंय, दुकानाचं नाव घेत नाही. ओतीव तुकडा असेल तर उठावाचे आकडे बघा. खऱ्याचे कडेनं स्वच्छ असतात. नकलेचे आकडे मऊ येतात, कारण तयार तुकड्यावरूनच साचा उठवलेला असतो. माप घ्या. बीड गार होताना साधारण एक टक्का आकसतं. कंपनीचा पॅटर्न, म्हणजे साचा उठवायचा नमुना, ते धरून मोठा केलेला असतो. नकलवाला खऱ्या तुकड्यावरून थेट साचा काढतो, म्हणून त्याचा मॅनिफोल्ड भोकांना थोडा आखूड येतो आणि मग फाइलनं भोकं लांबट केलेली दिसतात. लांबट भोक दिसलं की पैसे खिशात.

आपल्याला मॅनिफोल्ड किंवा वॉटर पंपाची बॉडी करायचीच झाली तर बेळगावासारखी जागा नाही. इथं फौंड्र्या आहेत, लाकडी पॅटर्न करणारे हात अजून आहेत. वाढ धरून पॅटर्न करा, ओता, मशीनिंग करा. एक गोष्ट मात्र माझ्या हट्टानं करायची. मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला साल ठोकायचं. उद्या ही गाडी कुणाच्याही हातात गेली तरी हा तुकडा कधीचा, हे त्याला कळलं पाहिजे. नवीन करणं ही लबाडी नाही. नवीन करून जुनं म्हणून विकणं ही लबाडी.

रबराचं तर विचारूच नका. ब्रेकचे कप, पेट्रोलचा पाइप, पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा, हे पन्नास वर्षं डब्यात पडलेलं 'अस्सल' कुणी फुकट दिलं तरी लावायचं नाही. रबर डब्यातही म्हातारं होतं. त्यात आता पेट्रोल पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. आपल्याच चिकोडी-अथणीच्या उसाचं असेल, अभिमान आहे, खरं १९७१ च्या रबराला आणि कॉर्कच्या गॅस्केटला ते सोसत नाही. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीच्या तळाला गंज. पाइप व्हायटॉनचे, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे, घाल आणि टाकी आतून साफ करून घे.

---

चिकोडी पासिंग

कागदाचं कुणीच सविस्तर बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे एक जुनी जीप आहे, त्यामुळे या वाटेनं जाऊन आलोय.

आधी आरसी तुमच्या नावावर करा. मालक वारल्यावर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि बाकीच्या वारसांची संमती हे बघून ठेवा, आत्यांच्या सह्या आतेभाऊ रुसायच्या आधी घ्या. नोंदणीचं नूतनीकरण फॉर्म २५ वर, पंधरा वर्षांनंतर ते दर पाच वर्षांनी असतं. गाडी कर्नाटकातच ठेवणार असाल तर एनओसीच्या भानगडीत पडू नका. कोल्हापूरला पासिंग स्वस्तात करून देतो असं सांगणारे बॉर्डरच्या दोन्ही बाजूला भेटतात.

दुसरं, व्हिंटेज नोंदणी. २०२१ पासून केंद्राचा नियम आहे. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, खासगी, मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तुमची गाडी वयात बसते. फी नवीन नोंदणीला वीस हजार, दहा वर्षांसाठी, पुढं नूतनीकरणाला पाच हजार. नवीन नोंदणी असेल तर नंबरात व्हीए अक्षरं येतात, आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. म्हणजे तुमचा एमवाय जाणार नाही.

त्यात दोन अडचणी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही, म्हणजे डिझेल टाकलं की विषय संपला. आणि व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरायला नेणं, एवढ्यालाच रस्त्यावर काढायची. तुम्हाला आईला घेऊन कॅम्पात जायचंय. मग साधी आरसीच चालू ठेवा. व्हिंटेजचा मान पाहिजे असेल तर गाडी घरात बसेल.

---

टिळकवाडीचा नातू

सगळ्यांचे आभार. साधी आरसीच ठेवतो, ते नक्की. ब्लॉक तोच ठेवायचा हेही ठरलं. मेस्त्रींना सांगितलं तर म्हणाले, टाक्यांच्या पैशात दोन इंजिनं येतील. येऊ देत.

काका, आज सकाळी तुमच्या सांगण्यावरून पुढचं चाक खोलून घेतलं. बुश गनमेटलचेच निघाले, आणि त्यावर कंपनीचा कसलाच शिक्का नाही!

आता दोन शंका. एक, डायनामो. नवीन गुंडाळून घेऊ की मारुतीचा अल्टरनेटर लावू? दोन, रंग. बाहेरून गाडी मळकट पांढरी आहे, खरं बाबा म्हणतात की लहानपणी ती हिरवट होती.

---

निपाणीकर

बुशाचं काकांचं मान्य. आत असतो, दिसत नाही, आणि झिजायलाच केलेला असतो. साल ठोकायची कल्पनाही मला पटली. मी माझ्या गाडीच्या वॉटर पंपावर तसं करून घेईन.

मात्र डायनामोवर मी हलणार नाही. बॉनेट उघडलं की डाव्या-उजव्या बाजूला काय बसलंय हे पहिल्या नजरेत दिसतं. डायनामो गुंडाळून मिळतो, आर्मेचर भरून देणारे लोक निपाणीतसुद्धा आहेत. त्याचं चार्जिंग जोडणारं-तोडणारं कट-आउट साफ करून सेट करा. पन्नास वर्षं चालला, पुढंही चालेल.

रंगासाठी डॅशबोर्डच्या मागं, दरवाजाच्या आतल्या पॅडखाली आणि मागच्या सीटच्या पाठीमागं बघा. रंगवणारे तिथं कधी पोचत नाहीत. सापडला तर तो तुकडा घासू नका, तसाच ठेवा आणि त्यावरून रंग जुळवून घ्या.

---

चोर्ल्याचा ड्रायव्हर

मी जुन्या गाड्यांचा जाणकार नाही, या रस्त्यावर गाडी चालवतो फक्त. डायनामो इंजिन हळू असताना नावापुरतं चार्जिंग देतो. पावसात चोर्ल्यात काय होतं बघा. ट्रकमागं अडकून सेकंड गिअरमध्ये सरकायचं, हेडलाइट चालू, वायपर चालू, दुपारी चार वाजता अंधार, आणि लाइट पिवळे पडत पडत मेणबत्तीएवढे होतात. समोरच्याला तुम्ही दिसत नाही. तिथं अस्सलपणा कुणाला दाखवणार?

आणि ब्रेक. या गाड्यांना चारी चाकांना ड्रम आणि एकच सर्किट. एक पाइप फुटला की चारी चाकांचा ब्रेक गेला, हँडब्रेक उरतो. घाट उतरायचा असेल तर स्टीलचे सगळे पाइप नवे घ्या, मगच आईला बसवा. सीट बेल्टही लावा. आज्जांच्या काळात नव्हता हे कारण नको.

---

लेथवाला काका

ड्रायव्हरसाहेबांनी माझं अर्धं बोलणं बोलून टाकलं. ब्रेकमध्ये भर एवढीच: व्हील सिलिंडर आतून खाल्ले असतील तर फेकू नका. बोअर करून आत पितळेची किंवा स्टेनलेसची स्लीव्ह मारायची आणि मूळ मापाला आणायचं. बाहेरून तोच सिलिंडर, आत नवा. असं काम मला सगळ्यात आवडतं. त्यावर निपाणीकर आणि ड्रायव्हर दोघेही गप्प बसतात.

डायनामोवर माझं मत मधलं आहे, आणि मधलं म्हणून पळपुटं समजू नका. जुन्या गाड्यांची फिवा म्हणून जागतिक संघटना आहे, तिनं २०१२ मध्ये तुरिनची सनद म्हणून तत्त्वं मान्य केली. फियाटचं गावही तुरिनच, योगायोग बघा. त्यातली एक गोष्ट मला कारागीर म्हणून पटते. बदल करावाच लागला तर तो असा करा की पुढच्या माणसाला तो काढून मूळचं परत लावता यावं. म्हणून अल्टरनेटर लाव, खरं त्याच्यासाठी ब्लॉकवरचा कान कापू नको, मूळ ब्रॅकेट घासू नको. वेगळं ब्रॅकेट करून जुन्याच बोल्टांवर बसव, ते मी करून देतो, पैसे घेणार. वायरिंगही जुनी वायर न तोडता वेगळी ओढ. डायनामो गुंडाळून, तेल लावून, फडक्यात बांधून घरात ठेव. ज्या रविवारी निपाणीकर गाडी बघायला येणार असतील त्याच्या आदल्या दिवशी बदल.

रंगाचं एक. हल्लीचा टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) रंग काचेसारखा चमकतो, त्या काळची गाडी कधीच तशी चमकत नव्हती. रंगवणाऱ्याला सांग, चमक जरा मारून दे. तो ऐकणार नाही, त्याला वाटेल पैसे बुडवायला कारण शोधतोय. उभं राहून करून घे. आणि चॅसिस नंबरवर पुट्टी जाऊ देऊ नको, रंगवायच्या आधी त्यावर टेप लाव. पासिंगला इन्स्पेक्टरला आकडे बोटाला लागले पाहिजेत.

हँडल आणि जाळीच्या पट्ट्या निकलवाल्याकडे देताना सांभाळून. दरवाजाची हँडलं मॅझॅकची, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूची, असतात, त्यात खड्डे पडलेले असतात. बफला जोर दिला की खड्डे जातात आणि हँडलाची धारही जाते. आधी तांब्याचा थर चढवून खड्डे भरायचे, मग निकल, मग क्रोम. जो तांब्याशिवाय दोन दिवसांत देतो म्हणतो त्याच्याकडे देऊ नको.

---

टिळकवाडीचा नातू

डॅशबोर्डच्या मागं रंग सापडला. हिरवाच आहे, राखाडीकडे झुकणारा, हाताच्या पंजाएवढा तुकडा शाबूत. बाबांना फोटो पाठवला, त्यांनी नुसता अंगठा दाखवला, म्हणजे खूश आहेत.

तर अल्टरनेटर काका म्हणतात तसा, काहीही न कापता. ब्रेकचे पाइप सगळे नवे, सिलिंडरला स्लीव्ह. पायाखालचा पत्रा नवीन दाबून घेणार, त्यात दुसरा इलाज नाही. ब्लॉक पुढच्या सोमवारी उद्यमबागेत आणतो. आतेभावाला घेऊनच येतो, टाके कसे घालतात ते त्यालाही बघायचंय.

फक्त जाळी राहिली. निपाणीकर, डिलाइटची धातूची जाळी कुठं मिळेल? इथं ज्यांना विचारलं ते म्हणाले, सीमाप्रश्न आधी सुटेल.

---

निपाणीकर

माझ्याकडे एक आहे. उजव्या टोकाला दबलेली, दोन पट्ट्या वाकलेल्या, मात्र मूळची, १९६८ च्या गाडीवरची. मी ती जादाची म्हणून ठेवली होती. विकत देणार नाही. तुमच्या गाडीला नीट बसते का ते बघायला घेऊन जा, दबलेला भाग काकांकडून सरळ करून घ्या, आणि बदल्यात मला वॉटर पंपाची एक बॉडी ओतून पाहिजे. मागं साल ठोकलेली. फौंड्रीत पॅटर्न होतोयच तर एकाऐवजी दोन ओतायला काय जातंय.

काळी प्लॅस्टिकची फेकू नका, इथं एकाची १९८९ ची पद्मिनी उघड्या नाकानं फिरते आहे.

---

लेथवाला काका

दोन नको, चार ओततो. पॅटर्नचाच खर्च मोठा असतो, आणि पहिली एखादी बिघडतेच. जाळी येताना सोमवारीच घेऊन ये, जेवायच्या सुट्टीच्या आत. पत्र्याचं काम करणारा दुपारनंतर भेटत नाही.